बेळगावहून समुद्राखाली: स्कूबा शिकू पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हद्दीपलीकडच्या चंदगडहून गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी प्रशिक्षक नाही. डायव्हरचं कार्ड मिळवलेला, दर हंगामात घाट उतरून जाणारा एक बेळगावकर आहे. प्रश्न ज्या भाषेत आले त्याच भाषेत ठेवलेत. ज्यांना सगळं वाचायला सवड नाही त्यांनी निदान सतरावा प्रश्न वाचावा. तो पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकांत तुम्हाला सापडणार नाही.

१. स्कूबा म्हणजे नेमकं काय? काचेचं हेल्मेट घालून तळाला चालवतात ते पण स्कूबाच काय?

नाही. हेल्मेटमध्ये हवा वरून नळीनं येते, तुम्ही फक्त चालता. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत, नळी तोंडात धरून खाली बघणं म्हणजे स्नॉर्कलिंग. स्कूबात हवेची टाकी तुमच्या पाठीवर असते आणि वरच्या कशालाही तुम्ही बांधलेले नसता. झाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये यासाठीचा रेग्युलेटर बनवला. मागाल तेव्हा आणि मागाल तेवढीच, भोवतालच्या पाण्याच्या दाबाची हवा देणारा. आजचा रेग्युलेटर त्याच तत्त्वावर चालतो.

२. मालवणात पाण्यात नेलं, व्हिडिओ काढला, सर्टिफिकेटपण दिलं. म्हणजे मी डायव्हर झालो की नाही?

नाही झालात. तो कागद आठवण म्हणून फ्रेम करून लावा. तुम्ही केली ती ओळखीची डाइव्ह. तिथं प्रशिक्षक तुम्हाला मागून धरून असतो, टाकीचा काटा तोच बघतो, वर-खाली होण्यासाठी अंगात घातलेल्या जॅकेटमधली हवाही तोच कमी-जास्त करतो. तुमचं काम श्वास घेणं आणि मासे बघणं एवढंच.

खरं कार्ड परीक्षा आणि प्रात्यक्षिकानंतर मिळतं. त्याचं नाव ओपन वॉटर डायव्हर. ते असलं की जोडीदार सोबत घेऊन १८ मीटरपर्यंत जाता येतं. पुढचा अॅडव्हान्स्डचा टप्पा ३० मीटरचा. हौशी डायव्हिंगची शेवटची हद्द ४० मीटर.

३. पोहायला येत नाही. चालतंय काय?

ओळखीच्या डाइव्हला बहुतेक ठिकाणी चालतंय. कोर्सला नाही चालत. कोर्समध्ये न थांबता २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं नुसतं तरंगून राहावं लागतं. पोहण्याला वेळेचं बंधन नाही, कुठल्याही पद्धतीनं पोहा. आधी गोवावेसच्या किंवा जेएनएमसीच्या तलावात दोन महिने घाला. उन्हाळी शिबिरातली पोरं बाजूनं सुळकन निघून जातील, तिकडं लक्ष देऊ नका.

४. लहानपणापासून विहिरीत पोहतोय. एका दमात तळाची माती काढून आणतो. मग कोर्स कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज थोडा दुखावलेला असतो. पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून ज्याला विहिरीत ढकललं आणि जो पुढं थारोळ्यावरून मुटका मारायला लागला, त्याला पाण्याची भीती नसते. ही मोठी जमेची बाजू आहे. खरं त्याच विहिरीनं तुम्हाला एक सवय लावली आहे, ती इथं जीवावर बेतते. ती म्हणजे दम धरणं.

का ते नीट समजून घ्या. विहिरीत तुम्ही श्वास वर, काठावर भरता. खाली गेलात की पाण्याच्या दाबानं छातीतली हवा आकसते, वर आलात की मूळच्या मापाची होते. त्याहून फुगत नाही. टाकीतून मात्र तुम्ही श्वास खाली भरता. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो काठाच्या दुप्पट. तिथं भरलेली छाती वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. दम धरून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं आणि त्याला खोल पाणीही लागत नाही. दीड-दोन मीटरवरूनही असं होऊ शकतं. म्हणून पहिल्या दिवशीचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही.

माझ्या तुकडीत तळ काढणारे दोघं होते आणि दोघांनाही प्रशिक्षकानं सगळ्यात जास्त वेळा याच एका गोष्टीवरून टोकलं. पोहता न येणाऱ्यांना हे सोपं जातं, त्यांना विसरायला काही नसतं.

५. पाठीवर ऑक्सिजनची टाकी असते ना? किती वेळ पुरते?

ऑक्सिजन नसतो. आपण घेतो तीच हवा गाळून, कोरडी करून, साधारण २०० बार दाबानं भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन खोलवर विषारी ठरतो.

किती पुरते ते तुम्ही किती खोल आणि किती धापा टाकत आहात यावर. १० मीटरवर प्रत्येक श्वासाला काठापेक्षा दुप्पट हवा खर्च होते, २० मीटरवर तिप्पट. नवखा माणूस अर्ध्या-पाऊण तासात काटा लाल पट्ट्यात आणतो. ५० बार उरले असताना वर यायचं असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. टाकी पूर्ण रिकामी करायची नसते.

६. कोर्सला किती दिवस लागतात? काय काय करवून घेतात?

तीन ते चार दिवस. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या ओपन वॉटर कोर्सचे तीन भाग असतात: वाचून शिकायचा भाग, तलावातले पाच सराव, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. वाचायचा भाग आता घरी मोबाइलवर करता येतो. शेवटी ५० प्रश्नांची परीक्षा, ७५ टक्क्यांना पास. दहावी पास झालेल्यानं घाबरावं असं त्यात काही नाही.

प्रात्यक्षिकात मास्कमध्ये पाणी भरून घेऊन ते नाकानं फुंकून बाहेर काढायचं असतं. तोंडातला रेग्युलेटर सोडून पुन्हा शोधायचा. हवा संपल्याची खूण करून जोडीदाराच्या जादा रेग्युलेटरनं श्वास घ्यायचा. ना वर ना खाली असं पाण्यात अधांतरी थांबायचं. बहुतेकांची पंचाईत मास्कपाशी होते. नाकात पाणी गेलं की डोकं चालेनासं होतं. तलावात गुडघ्यावर बसून हे वीसदा करा, मग समुद्रात काही वाटत नाही.

७. पॅडी घ्यावं की एसएसआय?

काही फरक पडत नाही. दोन्ही अमेरिकेत सुरू झालेल्या संस्था, पॅडी १९६६ची आणि एसएसआय १९७०ची. दोघांचं कार्ड जगभर चालतं. संस्थेपेक्षा तुम्हाला शिकवणारा माणूस बघा आणि एका वेळी किती जणांना तो पाण्यात नेतो ते विचारा.

८. बेळगावातच शिकता येणार नाही काय? राकसकोप आहे, हिडकल आहे.

राकसकोप शहराच्या पिण्याच्या पाण्याचा जलाशय आहे, तिथं उतरायचं मनातही आणू नका. हिडकल काय, नविलुतीर्थ काय, धरणाच्या पाण्यात हात समोर धरला तर दिसत नाही, खाली बुडालेली झाडं असतात आणि दरवाज्यांजवळ ओढ असते. शिवाय समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर केलेली डाइव्ह उंचीवरची डाइव्ह धरतात आणि तिचे हिशेब वेगळे. आपण त्याच्या दुप्पट उंचीवर राहतो. घरी राहून करता येण्यासारखा भाग म्हणजे अभ्यास आणि पोहण्याची तयारी.

९. मग जवळ कुठं? मालवण, गोवा की मुरुडेश्वर?

मालवण-तारकर्ली आंबोलीमार्गे दीडशे किलोमीटरच्या आसपास. भाषा आपली, जेवण आपल्याला सोसणारं, आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे. ओळखीच्या डाइव्ह सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ खडकांवर होतात.

गोव्यात बोटी ग्रँड बेटाकडं जातात. चोर्ल्यानं रस्ता जवळचा, केंद्रं भरपूर. मात्र दारू आणि पार्टीच्या पॅकेजमध्ये डाइव्ह कोंबणारे दलालही तिथंच भेटतात.

मुरुडेश्वर लांब आहे, अडीचशे किलोमीटरच्या वर, आणि पुढं नेत्राणी बेटापर्यंत बोटीचा प्रवास. खरं या तिघांत पाणी सगळ्यात स्वच्छ तिथंच मिळतं. मोठे गोब्रे, बराकुडांचे थवे, नशीब असेल तर कासव. माझं मत विचाराल तर कोर्स मालवणात करा आणि कार्ड मिळाल्यावरची पहिली सहल नेत्राणीला काढा.

१०. कुठल्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात किनाऱ्यावर सगळं बंद असतं. आपल्याकडच्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, तेव्हा हंगाम नुकताच उघडलेला असतो आणि पाणी कधी कधी गढूळच राहिलेलं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नाताळचा आठवडा तेवढा सोडा.

११. खर्च किती येतो?

ओळखीची डाइव्ह काही हजारांत होते. कोर्स पंचवीस-तीस हजारांपासून पुढं. रक्कम ऐकून भाव पाडायच्या आधी त्यात अभ्याससाहित्य, कार्डाची फी, बोट आणि साहित्याचं भाडं धरलंय का ते विचारा. स्वस्तात सांगणाऱ्यानं यातलं एखादं हमखास वगळलेलं असतं. राहण्याच्या खर्चात एक जादा रात्र धरायची. ती कशासाठी ते सतराव्या प्रश्नात आहे.

१२. इंग्रजी जमत नाही. मराठीत शिकवतात काय? कन्नडमध्ये?

पुस्तक आणि परीक्षा बहुधा इंग्रजीत, शिकवणं मात्र मालवणात मराठीत आणि मुरुडेश्वरला कन्नडमध्ये सहज होतं. पाण्याखाली तर कुणाचीच भाषा चालत नाही, तिथं खुणा. त्यातली एक आधीच पाठ करा: अंगठा वर म्हणजे ‘झकास’ नव्हे, ‘वर जायचंय’. फोटोसाठी अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक मुकाट्यानं वर घेऊन येतो आणि पैसे परत मिळत नाहीत. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं.

१३. कान लई दुखतात म्हणे. काय करायचं?

आंबोलीचा घाट उतरताना सावंतवाडीकडं कान बंद होतात, तेव्हा काय करता? आवंढा गिळता, जांभई देता, नाक दाबून हळूच फुंकता. पाण्यात तेच करायचं, खरं फार वेळा. सातशे-आठशे मीटरच्या घाटात कानांवर जेवढा दाब वाढतो तेवढा समुद्रात पहिल्या एक मीटरच्या आतच वाढतो. म्हणून पाण्यात डोकं गेल्या गेल्या सुरुवात करायची आणि दर मीटरला, दुखायच्या आधी, कान मोकळे करायचे. दुखलं तर थोडं वर यायचं. जोर लावून फुंकायचं नाही.

सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. पैसे भरलेत म्हणून मी एकदा नाक चोंदलेलं असताना उतरलो होतो. चार मीटरवरून परत आलो आणि पुढं दहा दिवस एका कानानं ऐकत होतो.

१४. दमा आहे, बीपी आहे, शुगर आहे. जमेल का?

कोर्सच्या आधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाच्या पडद्याला भोक, मधुमेह, छातीची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. काहींना मिळते, काहींना मिळत नाही. सगळीकडं ‘नाही’ लिहून मोकळे होऊ नका. त्या कागदानं प्रशिक्षक सुटतो, तुम्ही नाही. गरोदरपणात डाइव्ह करायचीच नाही. पाळी असताना बरं वाटत असेल तर हरकत नाही, त्यानं शार्क येतात ही निव्वळ थाप.

१५. चष्मा आहे. मिशा आहेत.

नंबरचे मास्क मिळतात, मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण त्यात नाक येत नाही आणि आतला दाब सारखा करता येत नाही. मिशीतून थोडं पाणी झिरपतं. मास्क टेकतो तेवढी वरची कड कातरा, बाकीची रुबाबाला राहू दे.

१६. पोरगा दहा वर्षांचा आहे आणि आमचे अण्णा बासष्टचे. दोघांनाही यायचंय.

पॅडीत किमान वय १०. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ज्युनियर कार्ड मिळतं, १२ मीटरपर्यंत, तेही आई-वडील किंवा पालक डायव्हर असतील तर त्यांच्यासोबत, नाहीतर व्यावसायिकासोबत. वरची वयोमर्यादा नाही. अण्णांसाठी चौदावा प्रश्न बघा आणि निघायच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

१७. सकाळी मालवणात डाइव्ह करून रात्री घरी जेवायला येता येईल ना?

रस्त्यानं येता येईल. यायचं नाही.

खाली दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, त्याला काही तास लागतात. तो निघून जायच्या आधी भोवतालचा दाब आणखी कमी झाला तर सोड्याच्या बाटलीचं टोपण उघडल्यासारखे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. डाइव्हनंतर लगेच विमानात बसू नये असं सांगतात ते याचसाठी. मर्यादेत केलेल्या एका डाइव्हनंतर १२ तास, आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस डाइव्ह केल्या असतील तर १८ तास थांबा, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठीच्या संस्थेची शिफारस आहे. ही शिफारस साधारण ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू होते.

आता बेळगाव किती उंच? साडेसातशे मीटरच्या आसपास. आंबोली घ्या, चोर्ला घ्या, अनमोड घ्या, समुद्रावरून घरी यायचं म्हणजे त्या रेषेच्या वर चढायचं. निपाणी-चिकोडी थोडी खाली असली तरी मधला घाट चुकत नाही. पुण्याचा माणूस विमानाची चौकशी करतो, आपण गाडीची करत नाही, कारण गाडीला कुणी विमान समजत नाही. तीन तासांत घाट चढून घरी पोचणं ही आपल्यासाठी नेहमीची गोष्ट आहे.

‘आमच्या मामांनी दहा वेळा केलं, काही झालं नाही.’ झालं नसेल. सहा-सात मीटरवर वीस मिनिटं काढली तर नायट्रोजन थोडाच मुरतो, धोका कमीच. पण कमी धोक्यासाठीही १२ तासांचा नियम आहे, आणि कोर्सच्या चार डाइव्हनंतर तर १८ तासांवर तडजोड नको.

वेळापत्रक असं बसतं: शुक्रवारी रात्री खाली उतरा. रविवारी सकाळी अकराला शेवटची डाइव्ह संपली तर १८ तास सोमवारी पहाटे पाचला पुरे होतात. तेव्हा निघालात तर दुकान थोडं उशिरा का होईना, उघडाल. अंदमानहून विमानानं येणाऱ्यांनाही हाच १८ तासांचा हिशेब. घाट उतरून गेल्यावर लगेच डाइव्ह करायला मात्र हरकत नाही, दाब वाढतच असतो.

१८. आणि घरी आल्यावर अंग दुखायला लागलं तर?

सांधेदुखी, मुंग्या, अंगावर चट्टे, चक्कर, किंवा न ओसरणारा थकवा ही नायट्रोजनच्या बुडबुड्यांची लक्षणं असू शकतात. आपली अडचण ही की घाटाचा प्रवास झालेला असतो, म्हणून माणूस ‘गाडीनं अंग आंबलं’ म्हणून गोळी घेऊन झोपतो. तसं करू नका. डाइव्हनंतरच्या दिवसभरात असं काही झालं तर रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘मी काल समुद्रात डाइव्ह केली’ हे सांगा. बेळगावात बसलेल्या डॉक्टरांनी ते ओळखावं तरी कसं? पहिला उपचार ऑक्सिजन. लक्षणं घाटातच सुरू झाली तर आणखी चढू नका, मागं फिरा.

१९. खाली गेल्यावर घाबरलो तर? उलटी आली तर?

थांबा, तीन-चार लांब श्वास घ्या, खूण करा. धावत वर येणं हे सगळ्यात वाईट, कारण चौथ्या प्रश्नात आहे. वर हळूच यायचं आणि कोर्सनंतरच्या डाइव्हमध्ये ५ मीटरवर ३ मिनिटं थांबून मग काठावर. उलटी रेग्युलेटर तोंडात ठेवूनच करायची, ती त्यातून बाहेर जाते. मासे खूश होतात. आंबोलीत थांबून भरपेट भजी खाल्ली असतील तर हे ज्ञान बोटीवरच उपयोगी पडेल.

२०. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा आणला तर?

गुन्हा आहे. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि मालवणचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फोटो काढायला प्रवाळावर उभंही राहू नका, आणि मासे जमवायला बिस्किटं टाकणाऱ्याला नको म्हणा.

२१. कार्ड पाच वर्षांपूर्वी काढलं, नंतर पाण्यात गेलोच नाही. बाद झालं काय?

कार्डाची मुदत संपत नाही, हाताची सवय संपते. अर्ध्या दिवसाची उजळणी मागून घ्या. चांगलं केंद्र स्वतःहूनच मागेल.

२२. यात नोकरी लागेल काय?

हंगामी लागते. पॅडीचा डाइव्हमास्टर व्हायला वय १८ आणि ६० नोंदवलेल्या डाइव्ह लागतात, प्रशिक्षकाला १००. त्यात बराच पैसा जातो आणि पावसाळ्याचे चार महिने कमाई बंद. नौदलातले डायव्हर ही भरतीची वेगळी वाट आहे, हे कार्ड तिथं कामाचं नाही.

२३. आमच्या गावात दर उन्हाळ्यात कुणीतरी विहिरीत बुडतो. हे शिकलो तर काढायला उतरता येईल?

हेतू चांगला, उत्तर नाही. हे कार्ड स्वच्छ, मोकळ्या पाण्यातलं आहे, जिथं कधीही सरळ वर येता येतं. विहिरीत दिसत नाही, दोर, पाइप आणि मोटारीची केबल पायात अडकते, जुन्या बंद विहिरीत हवाच श्वास घेण्याजोगी नसते. एकाला काढायला उतरलेले आणखी दोघं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ११२ला फोन लावा, अग्निशामक दलाचे लोक येईपर्यंत वरून दोर आणि हवा भरलेली ट्यूब सोडा. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब विहिरीजवळच्या खोपटात भरून टांगून ठेवलेली असेल तर शोधाशोध वाचते.